कपाटातील चार कोट : नार्नियाची कथा आणि १९३९ची मुले

१/
२००५ साली आलेला नार्नियाचा पहिला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची सुरुवात आठवून पाहा. रात्रीच्या लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकत आहेत, घाबरलेली आई मुलांना घेऊन आसऱ्याकडे धावत आहे. मग रेल्वे स्थानक, गर्दी, मुलांच्या कोटांना अडकवलेल्या चिठ्ठ्या, निरोप. जादूचे कपाट दिसायला बराच वेळ लागतो.
आता मूळ कादंबरी उघडा. तिथे हे सारे एका वाक्यात उरकले आहे: युद्धकाळात हवाई हल्ल्यांमुळे चार भावंडांना लंडनबाहेर पाठवण्यात आले. पुढच्या वाक्यात आपण थेट प्रोफेसरांच्या घरी पोहोचतो.

२/
एकच वाक्य का? लेखकाला युद्ध गौण वाटत होते म्हणून, की १९५० सालच्या वाचकाला त्याहून अधिक सांगण्याची गरजच नव्हती म्हणून?
इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला एक सवय लावली जाते. साधनात काय लिहिले आहे ते वाचून झाले, की लेखकाला काय लिहिण्याची गरज वाटली नाही ते शोधायचे. आजचा धागा त्या एका वाक्यामागच्या इतिहासाविषयी आहे. त्यातूनच पुढे एक प्रश्न निघतो: मूल काही सांगते, तेव्हा त्याच्यावर विश्वास कोण ठेवते?

३/
आधी थोडी ओळख. सी. एस. लुईस यांची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही कादंबरी १६ ऑक्टोबर १९५० रोजी प्रकाशित झाली. चित्रे पॉलीन बेन्स यांची होती. १९५६ पर्यंत या मालिकेचे सात भाग आले.
आपल्या रोजच्या जगातील एखाद्या दारातून पात्रे अद्भुत जगात जातात, अशा कथाप्रकाराला ‘पोर्टल फँटसी’ म्हणतात. इथे ते दार म्हणजे एका रिकाम्या खोलीतील कपडे ठेवण्याचे कपाट. पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी ही भावंडे त्यातून नार्नियात जातात. तिथे गोऱ्या चेटकिणीने कायमचा हिवाळा लादलेला आहे.

४/
आता त्या एका वाक्याकडे. पुढच्या युद्धात शहरांवर बाँब पडणार, ही भीती ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात सर्वत्र होती. १९३८ साली सर जॉन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहरांतील मुलांना हलवण्याची योजना आखली. देशाचे तीन भाग करण्यात आले: जिथून लोक हलवायचे ते, जिथे पाठवायचे ते आणि तटस्थ.
३१ ऑगस्ट १९३९ रोजी आदेश सुटला. १ सप्टेंबरच्या पहाटे जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि त्याच सकाळी ब्रिटिश शाळांतील मुले रांगा करून स्थानकांकडे निघाली. ब्रिटनने युद्ध पुकारले ते त्यानंतर दोन दिवसांनी.

५/
पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक सरकारी योजनेतून हलवले गेले. त्यांत सुमारे ८ लाख २७ हजार शाळकरी मुले होती. ती शिक्षकांबरोबर गेली, आईवडिलांविना. सुमारे ५ लाख २४ हजार माता आणि त्यांची लहान मुले होती. शिवाय गर्भवती स्त्रिया, अपंग व्यक्ती, शिक्षक आणि मदतनीस.
मुलांना पाठवणे सक्तीचे नव्हते. पण विचार करा: शाळा बंद होणार, वर्गातली सगळी मुले जाणार आणि सरकार सांगते की इथे राहिलात तर बाँब पडतील. अशा वेळी ‘ऐच्छिक’ या शब्दाला किती अर्थ उरतो?

६/
या मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन पाइड पायपर’. हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. गावकऱ्यांनी शब्द मोडला म्हणून तो पुंगी वाजवत गावातली मुले घेऊन गेला आणि ती मुले परत आली नाहीत. मुलांना सुरक्षित ठिकाणी नेण्याच्या मोहिमेला हे नाव द्यावेसे कोणाला वाटले असेल, याचे आजही नवल वाटते.

७/
प्रत्येक मुलाजवळ गॅस मास्कची पेटी, थोडे कपडे, वाटेपुरते खाणे आणि अंगावर नावाची चिठ्ठी. आपण कुठे जात आहोत हे बहुतेक मुलांना ठाऊक नव्हते आणि बऱ्याच पालकांनाही नव्हते. मूल पोहोचल्यावर घरी पत्र टाकणार, तेव्हा कळायचे की ते डेव्हनला आहे की वेल्समध्ये.
मालाला चिठ्ठी लावून पाठवावे तशी ही मुले गेली. कपाटाचे दार उघडून अनोळखी बर्फात पाऊल टाकणारी ल्यूसी वाचताना १९५० सालच्या दहा-पंधरा वर्षांच्या वाचकाला काय आठवले असेल, याचा अंदाज इथून येऊ लागतो.

८/
गावी पोहोचल्यावर मुलांना सभागृहात किंवा शाळेत उभे केले जाई. मग यजमान येऊन आपल्याला हवे ते मूल निवडत. अंगापिंडाने धडधाकट मुलगे शेतकरी आधी नेत, नीटनेटक्या मुलींना लवकर घर मिळे. मळक्या कपड्यांतील, आजारी दिसणारी किंवा वेगळे व्हायला तयार नसलेली भावंडे शेवटपर्यंत उभी राहत. या मुलांनी मोठेपणी सांगितलेल्या आठवणींत गुरांच्या बाजाराची उपमा पुन्हा पुन्हा येते. ज्यांना शेवटी निवडले गेले, त्यांना ती संध्याकाळ वृद्धापकाळातही विसरता आली नाही.

९/
यजमानाला सरकारकडून आठवड्याला भत्ता मिळे: एकच मूल असेल तर साडेदहा शिलिंग, अधिक असतील तर प्रत्येकी साडेआठ. घरात जागा असूनही मूल ठेवून घेण्यास नकार दिला, तर दंडाची तरतूद होती. म्हणजे मुलाला आईपासून दूर राहायची इच्छा नव्हती आणि कित्येक यजमानांनाही मूल नको होते.
आपल्याकडे शिक्षणासाठी वार लावून जेवलेल्या मुलांच्या आठवणी जुन्या आत्मचरित्रांतून वाचायला मिळतात. दुसऱ्याच्या घरी जेवताना पुन्हा वाढायला मागावे की नाही, हा पोटातला संकोच ज्याने वाचला आहे, त्याला या मुलांची मनःस्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

१०/
अनुभव मात्र एकसारखे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. काही मुलांना दुसरे आईवडील मिळाले आणि ती नाती आयुष्यभर टिकली. काहींनी पहिल्यांदाच गाय पाहिली, समुद्र पाहिला. काहींना मात्र उपाशी ठेवले गेले, राबवले गेले, मारले गेले.
बाँबहल्ले लगेच सुरू झाले नाहीत. त्यामुळे जानेवारी १९४० पर्यंत सुमारे निम्मी मुले घरी परतली होती. ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर सलग हवाई हल्ले सुरू झाले आणि पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा स्थानके. लुईस यांनी पुढे नार्नियाचा जो कालपट तयार केला, त्यात कपाटाची घटना १९४० सालची आहे.

११/
त्याच सप्टेंबरमध्ये एक वेगळे दार बंद झाले. मुलांना कॅनडासारख्या देशांत पाठवण्याचीही सरकारी योजना होती. ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज अशी ९० मुले घेऊन लिव्हरपूलहून निघाले. १७ सप्टेंबरच्या रात्री जर्मन पाणबुडीने ते बुडवले. ७७ मुले गेली.
नावातच भारत असलेल्या या जहाजावर मोठ्या संख्येने हिंदी खलाशी होते आणि त्यांतीलही कित्येक बुडाले. एका बोटीत सहा मुले काही प्रौढांबरोबर आठ दिवस अटलांटिकवर तगून राहिली. त्या बोटीतील बहुसंख्य माणसे हिंदी खलाशी होती. त्यानंतर मुलांना सागरापार पाठवण्याची योजना थांबवण्यात आली.

१२/
आता लुईस यांच्या घरी येऊ. १९३९ साली ते ऑक्सफर्डमध्ये शिकवत होते, वय ४० आणि अविवाहित. शहराच्या कडेला ‘द किल्न्स’ नावाच्या घरात ते राहत. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवसांत तिथे लंडनच्या काही शाळकरी मुली दाखल झाल्या. मुलांशी फारसा संबंध न आलेल्या या प्राध्यापकाच्या घरात एकाएकी मुलांचे आवाज आले.
भाऊ वॉरन लष्करात परत रुजू झाला होता. त्याला लिहिलेल्या पत्रात लुईस थोड्या कुरकुरत्या सुरात म्हणतात की आजकालच्या मुलांना स्वतःचे मन रमवता येत नाही, आता काय करू असे सारखे विचारत येतात. कादंबरीतील शोधाची सुरुवात अशाच एका पावसाळी, काही करायला नसलेल्या दिवशी होते!

१३/
याच सुमारास लुईस यांनी एका दुसऱ्या हस्तलिखिताच्या पाठीमागे गोष्टीचा एक छोटा आरंभ लिहून ठेवला. त्यात चार मुले आहेत, पण नावे वेगळी: अ‍ॅन, मार्टिन, रोज आणि पीटर. वडील सैन्यात, आई युद्धकामात, हवाई हल्ल्यांमुळे मुलांना लंडन सोडावे लागते आणि ती खेड्यात एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध प्राध्यापकाकडे येतात. तिथेच तो मजकूर थांबतो. कपाट नाही, सिंह नाही, नार्निया नाही. म्हणजे कागदावर आधी आली ती घराबाहेर पाठवलेली मुले. त्यांच्यासाठीचे दार जवळजवळ दहा वर्षांनी सापडले.

१४/
इथे थोडा आवर घालायला हवा. युद्ध झाले म्हणून नार्निया जन्मले, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. लुईस यांनी स्वतः सांगितले आहे की सारे एका चित्रापासून सुरू झाले: बर्फाच्या रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा बोकड. हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मनात होते.
कपाटही नवे नव्हते. ई. नेसबिट यांच्या ‘द मॅजिक वर्ल्ड’ या १९१२ च्या संग्रहातील एका कथेत शिक्षा झालेली मुलगी पाहुण्यांच्या खोलीतील कपाटातून जादूच्या जगात जाते. जुनी चित्रे, जुनी कपाटे होतीच. ती उघडण्याचे निमित्त मात्र १९३९ ने दिले.

१५/
आता कथेतील तो भाग, ज्यासाठी हा धागा लिहिला. ल्यूसी नार्नियातून परत येते तेव्हा आपल्या जगात क्षणही गेलेला नसतो. ती सगळे सांगते. भावंडे कपाट तपासतात, मागे साधी फळी असते. सगळे हसतात.
पुढे एडमंड स्वतः नार्नियात जाऊन येतो. ल्यूसीला हायसे वाटते की आता साक्षीदार मिळाला. आणि एडमंड थोरल्या दोघांना सांगतो, छे, आम्ही खेळत होतो. चेटकिणीच्या राज्यात यापेक्षा भयंकर प्रसंग पुष्कळ आहेत. पण लहानपणी हे पुस्तक वाचलेल्यांना विचारा: बहुतेकांना सर्वांत जास्त राग याच प्रसंगाचा आलेला असतो.

१६/
पीटर आणि सुझन काळजीने प्रोफेसरांकडे जातात. त्यांना वाटत असते की ते आईवडिलांना पत्र लिहितील. प्रोफेसर शांतपणे ऐकून विचारतात: तुमच्या अनुभवानुसार दोघांपैकी अधिक खरे कोण बोलते? उत्तर येते, ल्यूसी. मग ते तीनच शक्यता मांडतात. ती खोटे बोलते, तिला वेड लागले आहे किंवा ती खरे सांगते. खोटे ती बोलत नाही, वेडी ती दिसत नाही. तेव्हा दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती खरे सांगते असे धरून चालले पाहिजे.
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा परिच्छेद ओळखीचा वाटतो. साक्ष अविश्वसनीय वाटली म्हणून फेकायची नाही, आधी साक्षीदार तपासायचा, हाच आमचा पहिला धडा.

१७/
आणि आता याच काळातील एक खरी घटना. वेल्समधील न्यूपोर्टचे डेनिस आणि टेरेन्स ओ’नील हे दोन भाऊ स्थानिक प्रशासनाने श्रॉपशायरमधील एका शेतावर पोसण्यासाठी ठेवले. ते युद्धामुळे हलवलेल्या मुलांपैकी नव्हते, पण परक्या घरी ठेवलेली मुले होतीच. ९ जानेवारी १९४५ रोजी बारा वर्षांचा डेनिस उपासमार आणि मारहाणीने मरण पावला.
देखरेख करणाऱ्या यंत्रणेने वेळेवर काही पाहिले नव्हते. धाकट्या टेरेन्सने न्यायालयात उभे राहून घडलेले सांगितले आणि तेव्हा मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला गेला. पोसणाऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली.

१८/
या प्रकरणाने ब्रिटन हादरले. सर वॉल्टर मंक्टन यांनी चौकशी केली. पाठोपाठ घराबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या स्थितीवर कर्टिस समितीचा अहवाल १९४६ साली आला आणि १९४८ साली चिल्ड्रन अ‍ॅक्ट संमत झाला. अशा मुलांची जबाबदारी स्थानिक प्रशासनाच्या स्वतंत्र समितीकडे आली.
ओघात एक गोष्ट. अगाथा ख्रिस्ती यांना याच घटनेवरून १९४७ सालचे एक नभोनाट्य सुचले. त्याचेच पुढे ‘द माउसट्रॅप’ झाले, जे १९५२ पासून लंडनच्या रंगभूमीवर आहे.
लुईस नार्नियाची पहिली कथा पूर्ण करत होते ते १९४८-४९ मध्ये. परक्या घरातल्या मुलाचे कोणी ऐकते का, हा प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांत, संसदेत आणि घराघरांत होता.

१९/
लुईस यांना हा प्रश्न वर्तमानपत्रातून शिकावा लागला नव्हता. ऑगस्ट १९०८ मध्ये बेलफास्टला त्यांची आई कर्करोगाने गेली. ते नऊ वर्षांचे होते. काही आठवड्यांतच त्यांना समुद्र ओलांडून इंग्लंडमधील निवासी शाळेत पाठवण्यात आले.
मुख्याध्यापक मुलांना निर्दयपणे मारत. पुढे त्यांना वेडसर ठरवण्यात आले. दोघा भावांनी इथून आम्हाला न्या म्हणून वडिलांना पत्रे लिहिली. सुटका लवकर झाली नाही. शाळाच १९१० साली बंद पडली. लुईस यांनी १९५५ सालच्या आत्मचरित्रात या शाळेला नाझी छळछावणीचे, बेल्सेनचे, नाव दिले आहे. कादंबरीत एडमंड बिघडला तो एका वाईट शाळेत गेल्यापासून, असा उल्लेख येतो. तो उगाच आलेला नाही.

२०/
काही तज्ज्ञ त्या काळीही मुलांच्या बाजूने बोलत होते. डिसेंबर १९३९ मध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पत्र लिहून इशारा दिला की अगदी लहान मुलांना आईपासून दीर्घकाळ तोडणे त्यांच्या मनासाठी धोक्याचे आहे. विनिकॉट पुढे ऑक्सफर्डशायरमध्येच अशा स्थलांतरित मुलांबरोबर काम करत होते. अ‍ॅना फ्रॉइड यांनीही लंडनमधील आपल्या बालगृहांत पाहिले की मुलांना बाँबपेक्षा ताटातूट अधिक सोसवत नाही. बाँबची भीती मोजता येत होती, मुलाचा रात्रीचा हुंदका कोणत्या रकान्यात भरायचा?

२१/
आता खाण्याकडे वळू, कारण १९५० सालच्या वाचकाने ते आधी वाचले असणार. फॉन टम्नस ल्यूसीला चहाला बोलावतो. प्रत्येकी एक उकडलेले अंडे, टोस्टवर सार्डिन मासे, लोण्याचा टोस्ट, मधाचा टोस्ट आणि वर साखर लावलेला केक.
आज ही साधी न्याहारी वाटते. युद्धकाळात प्रौढ माणसाला आठवड्याला साधारण एक अंडे मिळे, तेही उपलब्ध असेल तर. लोणी, साखर, चहा सगळे रेशनवर. युद्ध संपल्यावर परिस्थिती सुधारण्याऐवजी जुलै १९४६ पासून दोन वर्षे पावही रेशनवर गेला, जो युद्धात कधी गेला नव्हता. टम्नसचा चहा हा त्या वाचकासाठी कपाटाइतकाच जादूचा होता.

२२/
आणि टर्किश डिलाइट. एका मिठाईपायी एडमंड भावंडांना विकायला निघतो, हे आजच्या वाचकाला पोरकट वाटते. हिशेब करून पाहू. ब्रिटनमध्ये मिठाई जुलै १९४२ ते फेब्रुवारी १९५३ रेशनवर होती. बराच काळ चार आठवड्यांना प्रत्येकी १२ औंस मिळत, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम, दिवसाला जेमतेम १२ ग्रॅम. एप्रिल १९४९ मध्ये बंधन उठवले, तर दुकाने अशी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा घालावे लागले.
चेटकिणीच्या डब्यात कित्येक पौंड मिठाई आहे. तीन पौंड धरले तरी ते एका मुलाचे सोळा आठवड्यांचे रेशन झाले. एडमंड दोषी आहेच. पण त्याला काय दाखवून फितवले, हे त्या पिढीला नेमके कळत होते.

२३/
चेटकिणीचे राज्यही पाहा. ल्यूसी भावंडांना घेऊन टम्नसकडे जाते तेव्हा दार मोडलेले, सामान विस्कटलेले आणि जमिनीवर एक सरकारी सूचना खिळलेली. घरमालकाला अटक, गुन्हा राजद्रोहाचा, हेरांना आसरा देण्याचा आणि माणसांशी सलगी करण्याचा. खाली सही गुप्त पोलिसांच्या प्रमुखाची.
परीकथेतील चेटकीण पूर्वी शाप देत असे. १९५० ची चेटकीण कागद काढते. शत्रूशी ‘सलगी’ करण्यासाठी इथे जो इंग्रजी शब्द येतो, तोच १९४५ मध्ये जर्मनीत शिरलेल्या दोस्त सैनिकांना दिलेल्या मनाईच्या हुकमांत होता. ज्यांच्या शेजारपाजारी युरोपातून जीव वाचवून आलेले निर्वासित राहत होते, त्या मुलांना हा मोडलेला दरवाजा नवा नव्हता.

२४/
कायमच्या हिवाळ्याविषयी थोडे सांभाळून बोलते, कारण बर्फाचे चित्र लुईस यांच्या मनात फार आधीचे आहे. पण वाचकाची आठवण ताजी होती. १९४७ च्या जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत ब्रिटन बर्फाखाली होता. कोळसा पोहोचेना, वीज तासन्‌तास बंद, कारखाने ठप्प. मार्चमध्ये बर्फ वितळला आणि पूर आले. अस्लान येताच नार्नियात ठिकठिकाणी पाणी वाहू लागल्याचा आवाज येतो. तीन वर्षांपूर्वी खिडकीतून तो आवाज ऐकलेल्या मुलाने ते पान कसे वाचले असेल?

२५/
कादंबरी काय वगळते, हेही सांगायला हवे. सरकारी योजनेतून गेलेली बरीच मुले शहरांच्या गरीब वस्त्यांतील होती. त्यांच्या डोक्यातील उवा, फाटके बूट, रात्री ओले होणारे अंथरूण यांवरून यजमानांच्या तक्रारींचा पाऊस पडला. त्यातून शहरी दारिद्र्य पहिल्यांदा अनेकांच्या दिवाणखान्यात आले. ‘अवर टाउन्स’ हा १९४३ सालचा अहवाल त्यावरच आहे आणि युद्धोत्तर कल्याणकारी राज्याच्या चर्चेत या अनुभवाचा वाटा आहे.
पीटर, सुझन, एडमंड, ल्यूसी मात्र मध्यमवर्गीय आहेत. चौघे एकत्र राहतात, घर प्रशस्त आहे, यजमान प्रेमळ आहे. त्यांना सभागृहात कोणी रांगेत उभे करत नाही. १९३९ च्या हजारो मुलांना असे प्रोफेसर मिळाले नाहीत.

२६/
पण मला वाटते, कादंबरीची सर्वांत मोठी जादू शेवटी आहे. चौघे नार्नियात राजे-राण्या होतात, वर्षानुवर्षे राज्य करतात, प्रौढ होतात. मग एका शिकारीच्या दिवशी कपाटातून परत येतात, तर तीच दुपार, तेच वय.
१९४५ च्या मुलांना असे परत येता आले नाही. पाचव्या वर्षी गेलेले मूल अकराव्या वर्षी आले. बोली बदललेली, अंगातले कपडे दुसऱ्याने घेतलेले. काहींनी आईला ओळखले नाही, काही आयांना मूल परके वाटले. मधली वर्षे कोणालाच परत मिळाली नाहीत. लुईस यांच्या कथेत मात्र गेलेला काळ घरच्यांच्या हिशेबातून एक मिनिटही कमी होत नाही. सिंह, चेटकीण, बोलके प्राणी यांहून ही कल्पना मला अधिक अद्भुत वाटते.

२७/
आता कोटांविषयी. नार्नियात थंडी आहे म्हणून भावंडे कपाटातले चार कोट घालतात. हे आपले नाहीत, अशी शंका पीटर काढतो. सुझन म्हणते, आपण ते कपाटाबाहेर कुठे नेत आहोत! हा विनोद आहे, पण परक्या घरी राहणाऱ्या मुलाची ती सावध नैतिकताही आहे. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशन मार्च १९४९ मध्ये संपले. कोट ही हरवून चालणारी वस्तू नव्हती.
शेवटी मुले परततात आणि कोट तिकडेच राहतात. म्हणूनच, केवळ कोटांचा हिशेब द्यावा लागणार म्हणून, ती प्रोफेसरांना सगळी कथा सांगतात. आणि प्रोफेसर पुन्हा विश्वास ठेवतात.

२८/
मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा कोटांकडे लक्षच गेले नाही. एम.ए.ला आल्यावर, साधनसामग्रीवरील एका तासानंतर पुन्हा वाचले तेव्हा थबकले. चौघांच्या त्या दीर्घ राज्याचा आपल्या जगात एकच पुरावा उरतो: कपाटातील चार रिकाम्या जागा. मुलांचा इतिहास बहुधा असाच सापडतो. त्यांनी दप्तरे लिहिलेली नसतात. किती मुले पाठवली हे सरकारने नोंदवले, किती शिलिंग दिले हेही नोंदवले. त्या रात्री मूल काय म्हणाले आणि कोणी ऐकले का, हे शोधायला आठवणी, पत्रे, न्यायालयातील साक्षी आणि कधी कधी एखादी अद्भुतकथाही वाचावी लागते.

२९/
म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. लुईस यांनी युद्ध एका वाक्यात सांगितले, कारण उरलेली पाने वाचकाने स्वतः जगून आणली होती. २००५ च्या प्रेक्षकाजवळ ती नव्हती, म्हणून चित्रपटाला बाँब दाखवावे लागले. जे वाक्य तेव्हा पुरेसे होते, त्याला आज तळटीप लागते. आपण ही तळटीप लिहिली नाही, तर हळूहळू ती मुले केवळ परीकथेतील पात्रे होऊन राहतील.

३०/
नार्निया घरात असेल तर पुन्हा काढा आणि ल्यूसीच्या पहिल्या फेरीनंतरची दोन-तीन प्रकरणे सावकाश वाचा. आणि एक विनंती. तुमच्या घरात कोणी आजी, आजोबा, मामा, मावशी लहानपणी दुसऱ्याच्या घरी वाढले असतील, शिक्षणासाठी, दुष्काळामुळे, फाळणीमुळे किंवा आणखी कशामुळे, तर त्यांना त्या पहिल्या रात्रीविषयी विचारा. मध्ये न बोलता ऐका आणि जमल्यास लिहून ठेवा. ते जे सांगतील ते कदाचित अविश्वसनीय वाटेल. तेव्हा प्रोफेसरांचा प्रश्न आठवा: हे माणूस एरवी खरे बोलते ना?